पर्यायी प्रणालीवरील मोबाईल : रोजच्या वापराचा विचार

रात्री घरातील दिवे मालवले जातात, माणसे झोपी जातात आणि उशाशी ठेवलेला मोबाईलही निपचित पडलेला दिसतो. हे दिसणे फसवे आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्राध्यापक डग्लस श्मिट यांनी २०१८ मध्ये अशाच एका जागच्या जागी पडून असलेल्या अँड्रॉइड फोनचे चोवीस तास निरीक्षण केले. त्या फोनला कोणी हात लावला नव्हता; क्रोम हा ब्राउझर मात्र पडद्याआड चालू होता. एवढ्या अवधीत त्या फोनने आपल्या ठिकाणासंबंधीची माहिती ३४० वेळा गूगलकडे धाडली. हा अभ्यास प्रकाशन-व्यवसायातील एका संघटनेने करवून घेतला होता आणि गूगलने त्यावर आक्षेप घेतला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि २०२१ मध्ये डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजातील डग्लस लीथ यांनी स्वतंत्रपणे केलेल्या मोजणीत फारसे वेगळे चित्र आढळले नाही. अँड्रॉइड असो वा आयफोन, दोन्ही प्रकारचे फोन निष्क्रिय असतानाही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या निर्मात्याशी संपर्क साधत होते. आणि 'माहिती पाठवू नये' असा पर्याय निवडला असतानाही यंत्राचा क्रमांक, सिमकार्डाचा क्रमांक यांसारखे तपशील पाठविले जात होते. त्यावर गूगलचे म्हणणे असे की, आधुनिक मोटारगाडी जशी आपल्या सुट्या भागांची खबर कारखान्याला कळविते, तसेच हे आहे.

हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. बिघाड कळावा, सुधारणा पोहोचाव्यात, चोरीचा फोन ओळखता यावा, यांसाठी काही माहितीची देवाणघेवाण आवश्यकच असते. प्रश्न उरतो तो इतकाच, की काय पाठवावयाचे आणि काय नाही, हे ठरविताना यंत्र विकत घेणाऱ्यास कोणी विचारले होते काय. या प्रश्नातूनच 'पर्यायी मोबाईल प्रणाली' नावाची एक चळवळ उभी राहिली. अशा प्रणालीचा फोन हौसेखातर नव्हे, तर रोजचा फोन म्हणून वापरावयाचा झाल्यास पदरात काय पडते आणि काय सोडावे लागते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

एका शब्दाविषयी

या विषयावरील लेखन मराठीत आणताना पहिली अडचण 'प्रायव्हसी' या शब्दापाशीच येते. त्यासाठी 'गोपनीयता' हा शब्द रूढ झाला आहे. परंतु गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगे, आणि लपविणे म्हटले की, 'लपविण्यासारखे तुमच्यापाशी आहे तरी काय?' हा प्रश्न पाठोपाठ येतोच. त्यापेक्षा आपला जुना 'खासगी' हा शब्द अधिक नेमका वाटतो. होळकरांच्या राज्यकारभारात 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन स्वतंत्र हिशेब असत. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, मंदिरे व धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च खासगीतून झाला असे सांगितले जाते. खासगी हे गुपित नव्हते. तिचे दप्तर लिहिले जाई, कारकून ते पाहत. फक्त तिचा विनियोग कसा करावा, हे ठरविण्याचा अधिकार धन्याचा होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने हा अधिकार घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाखाली मूलभूत हक्क म्हणून मान्य केला, तेव्हा न्यायालयापुढील अर्थही याच जातीचा होता. या प्रकरणात 'खासगीपण' हा शब्द त्याच अर्थाने योजिला आहे.

अँड्रॉइडचे दोन थर

पर्यायी प्रणाली कशी शक्य होते, हे समजण्यासाठी अँड्रॉइडची घडण थोडी पाहावी लागेल. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. त्याच्या तळाशी लिनक्स हा गाभा आहे. यंत्राचे भाग हलविणे, स्मरणशक्ती वाटून देणे ही कामे तो करतो. त्यावर गूगलने रचलेला अँड्रॉइडचा मोठा भाग मुक्त स्रोत आहे. म्हणजे त्याची संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते आणि बदललेले रूप वाटताही येते. येथवरचा थर सर्वांचा आहे. परंतु दुकानातून आणलेल्या फोनवर याखेरीज आणखी एक थर असतो. 'प्ले सर्व्हिसेस' आणि तिच्याबरोबर येणारी गूगलची अ‍ॅप यांचा तो बनलेला असून त्याची संहिता बंद आहे. घरात पाहुण्याने दिवाणखान्यात बसावे आणि घरच्यांनी आतबाहेर करावे, असा जो भेद प्रणाली इतर अ‍ॅपच्या बाबतीत पाळते, तो या थराला लागू नाही. त्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या आधीच दिलेल्या असतात. ठिकाण कळविणे, निरोप आल्याची सूचना देणे, जाहिरातींसाठी फोनला ओळखचिन्ह देणे ही कामे याच थरातून होतात आणि असंख्य अ‍ॅप त्यावर विसंबून असतात.

पर्यायी प्रणाली तयार करणारे लोक खालचा मुक्त थर घेतात आणि वरचा बंद थर काढून टाकतात. २००९ मध्ये सुरू झालेला 'सायनोजेनमॉड' हा या वाटेवरील पहिला मोठा टप्पा होय. २०१६ च्या अखेरीस तो बंद पडला आणि त्यातूनच 'लिनिएजओएस' निर्माण झाली. जुन्या, निर्मात्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या फोनांना नवे आयुष्य देणे हे तिचे मुख्य कार्य राहिले आहे. 'मँड्रेक' या लिनक्स-प्रणालीचे जनक गाएल दुव्हाल यांनी फ्रान्समध्ये 'ई-ओएस' उभी केली. तिच्यात गूगलच्या थराची जागा 'मायक्रोजी' नावाचा एक छोटा मुक्त पर्याय घेतो. आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आश्रयाखाली वाढलेल्या एका कंपनीने मुक्त अँड्रॉइडच्याच पायावर रचलेली 'भारओएस' सादर केली. माहितीच्या सुरक्षिततेची विशेष निकड असलेल्या संस्था हा तिचा अपेक्षित ग्राहक होता.

यांपैकी नावावर विसंबून चालत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात एडिंबरो आणि डब्लिन येथील संशोधकांनी सॅमसंग, शाओमी, ह्वावे व रिअलमी या कंपन्यांचे फोन आणि लिनिएज व ई-ओएस या दोन पर्यायी प्रणाली शेजारीशेजारी ठेवून तपासल्या. ई-ओएसवरून बाहेर जाणारी माहिती जवळजवळ शून्य होती. लिनिएजवर मात्र गूगलची अ‍ॅप नेहमीप्रमाणे बसविलेली असल्याने गूगलकडे जाणारा ओघ इतर फोनांसारखाच राहिला. पाटी बदलली तरी भाडेकरू तोच राहिला, तर घर बदलले असे होत नाही.

त्या तपासणीत 'ग्राफीनओएस' नव्हती. या प्रकरणातील पुढील विवेचन मुख्यतः तिच्यावर आधारलेले आहे. कारण खासगीपण आणि सुरक्षितता या दोन गोष्टी भिन्न आहेत आणि दुसरीवाचून पहिली टिकत नाही, ही जाण तिच्या रचनेत विशेष दिसते. २०१४ मध्ये एका वेगळ्या नावाने सुरू झालेले हे काम २०१९ पासून आजच्या नावाने ओळखले जाते. तिच्यातील एक विसंगती प्रथमदर्शनीच डोळ्यांत भरते. गूगलपासून मोकळीक मागणारी ही प्रणाली वाढली ती गूगलच्याच पिक्सेल फोनांवर. याचे कारण तांत्रिक आहे. बहुतेक निर्माते एक तर परकी प्रणाली बसवूच देत नाहीत किंवा बसवू दिली तरी फोनचे कुलूप पुन्हा लावू देत नाहीत. पिक्सेलमध्ये परकी प्रणाली चढवून, तिचीच मुद्रा नोंदवून कुलूप पुन्हा लावता येते. परवलीचा अंक सांभाळणारी स्वतंत्र चकतीही त्यात आहे. आणि २०२३ च्या पिक्सेल ८ पासून सात वर्षे सुरक्षाविषयक सुधारणा देण्याचे अभिवचन आहे. म्हणून ज्याच्यापासून दूर जावयाचे, त्याच्याच दुकानात पहिले पैसे मोजावे लागतात.

प्रणाली बसविणे

हे काम वाटते तितके अवघड नाही. एक संगणक, एक चांगली केबल आणि एक निवांत दुपार एवढे पुरे. प्रथम फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कुलूप उघडण्याची परवानगी द्यावी लागते. मग बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा कार्यक्रम, उघडला जातो. त्याच क्षणी फोनमधील सर्व छायाचित्रे, निरोप व नोंदी पुसल्या जातात. तेव्हा त्यांची प्रत अगोदर काढून ठेवणे अगत्याचे आहे. त्यानंतर संगणकाच्या ब्राउझरमधूनच नवी प्रणाली फोनवर उतरते. शेवटी कुलूप पुन्हा लावावयाचे. ही शेवटची पायरी पुष्कळजण कंटाळून गाळतात आणि तेथेच चुकतात. कारण कुलूप उघडे राहिल्यास फोन हाती पडलेला कोणीही त्यात आपल्याला हवे ते घुसडू शकतो. कुलूप लावलेला फोन मात्र दर वेळी सुरू होताना प्रणालीची मुद्रा पडताळून पाहतो आणि 'या यंत्रावर वेगळी प्रणाली चालत आहे' असा पिवळा इशारा दाखवितो. घरच्यांना तो पाहून फोन बिघडल्यासारखे वाटते, एवढाच त्याचा त्रास.

अमेरिकेतील आप्तांकडून फोन मागविणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. तेथील दूरध्वनी कंपन्यांमार्फत विकल्या गेलेल्या काही पिक्सेल फोनांचे कुलूप उघडतच नाही. फोन दिसण्यात तंतोतंत सारखा असतो. फरक कळतो तो घरी आल्यावर.

नित्याचा वापर

पहिल्या दिवशी नव्या प्रणालीचा फोन अगदी रिकामा भासतो. ब्राउझर, कॅमेरा, दूरध्वनी, निरोप आणि आणखी चारदोन आवश्यक साधने यांवाचून त्यात काही नसते. रिकाम्या जागेची ही ओळख अस्वस्थ करणारी असली, तरी उपयुक्त आहे. आपल्याला खरोखर कोणकोणती अ‍ॅप लागतात, याचा विचार माणूस बहुधा पहिल्यांदाच करतो. रेल्वेचे आरक्षण, डिजिलॉकरमधील कागदपत्रे, वीजबिल यांपैकी पुष्कळशी कामे ब्राउझरमधून, संकेतस्थळावर जाऊन तितकीच नीट होतात, असे आढळून येते.

जी अ‍ॅप घ्यावीच लागतात, त्यांच्या बाबतीत या प्रणालीचे खरे वैशिष्ट्य दिसू लागते. समजा, एखादे साधे विजेरीचे अ‍ॅप घेतले. सामान्य अँड्रॉइडवर त्याला इंटरनेट वापरण्यासाठी आपली अनुमती मागावी लागत नाही; ते त्याला मिळालेलेच असते. ग्राफीनओएसवर अ‍ॅप बसवितानाच 'यास इंटरनेट द्यावे काय?' असा प्रश्न येतो आणि 'नाही' म्हणता येते. जाळ्याशी संबंधच तुटला की विजेरी फक्त उजेड पाडते. फोनची हालचाल, कल, दिशा मोजणारी जी संवेदक यंत्रणा आत असते, तिच्यासाठीही अशीच वेगळी अनुमती आहे.

याहून मार्मिक योजना संपर्कांच्या यादीसंबंधी आहे. कित्येक अ‍ॅप 'तुमची यादी दाखवा, नाहीतर पुढे जाऊ देणार नाही' असा हट्ट धरतात. अशा वेळी ही प्रणाली अ‍ॅपला अनुमती मिळाली असे भासविते, परंतु प्रत्यक्षात त्याच्यापुढे कोरी यादी ठेवते. आपण नेमून दिलेली दोनचार नावेच काय ती त्यात दिसतात. छायाचित्रे व कागदपत्रे यांचीही हीच तऱ्हा. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. संपर्कांची यादी ही वस्तुतः आपली खासगी मालमत्ता नाहीच. तीत दुसऱ्यांची नावे व क्रमांक आहेत. डॉक्टर, वकील, शिक्षिका, पत्रकार यांच्या फोनमधील यादी म्हणजे त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांची यादी असते. ती कोणास दाखवावी, याचा निर्णय एका चौकटीवर घाईने बोट टेकवून होऊ नये.

गूगलला सर्वस्वी वर्ज्य करावे, असा या प्रणालीचा आग्रह नाही. ज्यांना लागेल त्यांना गूगलच्या सेवा घेता येतात. मात्र २०२१ पासून केलेल्या व्यवस्थेनुसार त्या इतर कोणत्याही अ‍ॅपसारख्या कुंपणात राहतात. त्यांच्या हातातील सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या काढून घेतलेल्या असतात. पुष्कळ वापरकर्ते याहीपुढे जाऊन फोनमध्ये दोन स्वतंत्र दालने करतात : एकात घरगुती व्यवहार, दुसऱ्यात गूगल आणि तिच्यावर अवलंबून असलेली अ‍ॅप. दुसरे दालन काम संपताच बंद करता येते. सुरुवातीला ही ये-जा कंटाळवाणी वाटते. नंतर देवघरात जाताना चपला काढण्याइतकी ती अंगवळणी पडते.

गूगलच्या सेवा घेतल्याच नाहीत, तर गैरसोयी कोणत्या? निरोप आल्याची सूचना काही अ‍ॅप गूगलच्या मध्यस्थीनेच देतात, ती उशिरा येते किंवा येतच नाही. 'सिग्नल'सारखे अ‍ॅप स्वतःचा संपर्क राखते, पण विद्युत्घटावर थोडा ताण पडतो. नकाशांसाठी 'ऑरगॅनिक मॅप्स'सारखी साधने आहेत. ती 'ओपनस्ट्रीटमॅप' या २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी भरलेल्या नकाशावर चालतात. एकदा राज्याचा नकाशा उतरवून घेतला की घाटात, जेथे इंटरनेट पोहोचत नाही, तेथेही वाट सापडते. परंतु शहरातील एखादी सोसायटी अथवा दुकान नावाने शोधू गेल्यास हाती निराशा येते आणि रस्त्यावरील कोंडी तर मुळीच कळत नाही. ज्यांचा चरितार्थ रिक्षा, टॅक्सी किंवा घरपोच मालवाहतुकीवर आहे, त्यांच्यापुढे या उणिवेला तोड नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण निराळी आहे. मूळ अँड्रॉइडबरोबर येणाऱ्या कळफलकात मराठीची मांडणी असते, परंतु पुढचा शब्द सुचविण्याची सोय तुटपुंजी. केरळातील 'स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग' या स्वयंसेवी गटाने सिद्ध केलेला 'इंडिक कीबोर्ड' मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी मुक्तपणे उपलब्ध आहे. रोमन अक्षरांतून देवनागरी उमटविण्याची सोयही त्यात आहे. बोलून मराठी टंकित करण्याची जी सवय अलीकडे ज्येष्ठांना लागली आहे, ती मात्र गूगलच्या सेवेवाचून भागत नाही. कळफलकाचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. आपण लिहितो ते प्रत्येक अक्षर, परवलीचा शब्ददेखील, आधी त्याच्या हातून जाते. म्हणून ज्या कळफलकास इंटरनेट दिलेले नाही तो चार शब्द कमी सुचवीत असला, तरी चालवून घ्यावा, असे आमचे मत आहे.

पैशाचा व्यवहार

या सर्व गैरसोयींवर थोड्याफार खटाटोपाने तोडगा निघतो. भारतात खरा पेच पडतो तो पैशाच्या व्यवहारात. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय सुरू केल्यापासून भाजीवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत फोननेच पैसे दिले जाऊ लागले. यूपीआयची नोंदणी करताना अ‍ॅप आपल्या सिमकार्डावरून एक संदेश बँकेकडे पाठविते आणि त्यावरून फोन व क्रमांक यांची गाठ बांधली जाते. ही पायरी पर्यायी प्रणालीवरही विनासायास पार पडते. अडथळा येतो तो त्याच्या आधी किंवा नंतर, जेव्हा अ‍ॅप 'प्ले इंटिग्रिटी' नामक सेवेमार्फत गूगलला विचारते की, हा फोन प्रमाणित आहे काय?

या चौकशीचे उत्तर देणारा अधिकारी गूगलच आहे आणि ज्या प्रणालीबरोबर गूगलचा बंद थर करारानुसार दिलेला असतो, तीच प्रणाली तो प्रमाणित मानतो. ग्राफीनओएसला तीन पायऱ्यांपैकी केवळ सर्वांत खालची पायरी गाठता येते. कोणत्या पायरीवर समाधान मानावयाचे, हे अ‍ॅप बनविणारी बँक ठरविते. परिणामी काही बँकांची अ‍ॅप निमूटपणे चालतात, काही उघडतच नाहीत आणि काही आज चालतात व उद्या बंद पडतात. प्रस्तुत अनुवादकाच्या बाबतीत एका बँकेचे अ‍ॅप चार महिने सुरळीत चालले. मग एका सुधारित आवृत्तीनंतर, सकाळी दूधवाला दारात उभा असताना, 'हे उपकरण सुरक्षित नाही' असे सांगून ते मिटले. दूधवाला ओळखीचा. 'असू द्या, उद्या द्या,' म्हणून तो गेला. त्याच बँकेचे तेच अ‍ॅप घरातील दुसऱ्या एका फोनवर बिनतक्रार चालत होते आणि त्या फोनला निर्मात्याकडून तीन वर्षांत सुरक्षाविषयक एकही सुधारणा मिळाली नव्हती.

यातील विरोधाभास केवळ गमतीचा नाही. बँकेची काळजी रास्त आहे. फसवणूक करणारे लोक बदललेल्या प्रणालींचा दुरुपयोग करतात, हे खरे आहे. परंतु 'सुरक्षित आहे काय?' हा प्रश्न आणि 'गूगलने मान्य केलेला आहे काय?' हा प्रश्न एकच मानल्यामुळे जुना, भगदाडे पडलेला फोन आत येतो आणि दर महिन्याला डागडुजी होणारा फोन दाराबाहेर राहतो. तांत्रिक दृष्ट्या दुसरा मार्ग उपलब्ध आहे. फोनमधील सुरक्षा-चकतीने स्वाक्षरी केलेला दाखला बँकेस थेट तपासता येतो आणि त्यावरून कोणती प्रणाली, कोणत्या मुद्रेने, कुलूप लावून चालत आहे, हे निश्चित कळते. त्यासाठी बँकेने त्या प्रणालीची मुद्रा आपल्या यादीत नोंदविणे तेवढे आवश्यक असते. थोड्या वापरकर्त्यांसाठी एवढे श्रम कोण घेणार, हीच अडचण आहे. अँड्रॉइडवरील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. त्या प्रकरणाचा भर निर्मात्यांवर लादल्या जाणाऱ्या अ‍ॅपवर होता. फोनला 'विश्वसनीय' ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेथे प्रमुख नव्हता.

तोवर व्यवहारी माणसाने काय करावे? ज्यांच्या बँकेचे अ‍ॅप चालते, त्यांचा प्रश्न मिटला. तरी ते कधीही बंद पडू शकते हे गृहीत धरून खिशात थोडे पैसे आणि कार्ड असू द्यावे. ब्राउझरमधून नेट बँकिंग चालते व त्यासाठी संदेशाने येणारा संकेतांकही या फोनवर नीट येतो. मार्च २०२२ पासून साध्या फोनांसाठी '१२३ पे' ही योजना आहे, तिला कोणत्याही प्रणालीचे प्रमाणपत्र लागत नाही. पुष्कळजण बँकेत नोंदविलेले सिमकार्ड एका जुन्या फोनमध्ये घालून तो केवळ पैशासाठी राखून ठेवतात. हा उपाय कामचलाऊ आहे, आणि दोन फोन बाळगणे सर्वांना परवडत नाही, हेही खरे.

आवाक्याबाहेरचे

पर्यायी प्रणाली घेतली म्हणजे आपण अदृश्य झालो, असा समज करून घेणे धोक्याचे ठरेल. फोन चालू असला की तो जवळच्या मनोऱ्याशी बोलतो. बोलल्यावाचून त्याला हाक ऐकू येणार नाही. त्यामुळे आपण कोणत्या भागात आहोत, हे दूरध्वनी कंपनीस ठाऊक असतेच आणि सिमकार्ड आपल्या नावावर असते. आपण कोणास, किती वेळ दूरध्वनी केला, याचीही नोंद तिच्याकडे राहते. यात कोणतीही प्रणाली काही बदल करू शकत नाही. त्याचप्रमाणे आपला क्रमांक ज्या शंभर माणसांच्या फोनमध्ये आहे, त्यांनी आपापली यादी कोणास दिली, यावर आपला ताबा नसतो. कुंपणातल्या गूगलमध्ये आपल्या नावाने प्रवेश केला, तर तेथे केलेल्या शोधांची नोंद पूर्वीसारखीच होते. खुद्द ग्राफीनओएसदेखील सुधारणा आल्या काय हे पाहण्यासाठी आणि घड्याळ लावण्यासाठी आपल्या सर्व्हरशी संपर्क साधते.

फोन हरवला किंवा कोणी हिसकावला, तर मात्र तिचा उपयोग निश्चित आहे. अठरा तास कुलूप उघडले गेले नाही, तर फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि परवलीचा अंक दिल्यावाचून आतील माहिती उलगडत नाही. दबावाखाली सांगण्यासाठी एक दुसरा अंकही ठरविता येतो; तो टिपताच सर्व माहिती नष्ट होते. हा दुसरा अंक ठरविण्यापूर्वी घरात लहान मुले आहेत काय, याचा विचार करावा. माहितीची प्रत ठेवण्याची सोय आहे, परंतु ती उघडण्यासाठी बारा शब्दांची एक मालिका दिली जाते. ती कागदावर लिहून ठेवावी. शब्द गमावले तर ती प्रत कोणालाही, प्रणालीच्या निर्मात्यांनाही, उघडून देता येत नाही.

एक चिंता याहून खोल आहे. ही कामे थोड्या माणसांच्या खांद्यावर उभी असतात. न्यूयॉर्कमध्ये एक छोटी इंटरनेट कंपनी चालविणाऱ्या निकोलस मेरिल यांना २००४ मध्ये ग्राहकांची माहिती मागणारे एक गुप्त पत्र आले. ते आल्याचे कोणास सांगण्यासही मनाई होती. ते न्यायालयात गेले. आपले नाव उघड करण्याची मुभा त्यांना २०१० मध्ये मिळाली, आणि मनाई पूर्णपणे उठावयास २०१५ साल उजाडले. त्यांनी स्थापन केलेल्या कॅलिक्स संस्थेने पुढे 'कॅलिक्सओएस' ही पर्यायी प्रणाली काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये, प्रमुख माणसे बाहेर पडल्यानंतर, तिच्या सुधारणा थांबविण्यात आल्या आणि नव्या मुद्रा तयार होईपर्यंत प्रणाली काढून टाकावी, असे संस्थेने वापरकर्त्यांना कळविले. त्याच वर्षी गूगलनेही अँड्रॉइडचे घडणकाम अधिक बंदिस्त केले आणि जूनमध्ये अँड्रॉइड १६ ची संहिता प्रसिद्ध करताना पिक्सेल फोनांसाठीचा विशिष्ट भाग वगळला. पर्यायी प्रणाली रचणाऱ्यांचे काम त्यामुळे पुष्कळच वाढले. खालचा थर सर्वांचा असला, तरी त्याचे दार कोणत्या वेळी उघडावयाचे, हे अद्याप एकाच कंपनीच्या हाती आहे.

म्हणून अशी प्रणाली वापरणाऱ्याने महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन सुरक्षाविषयक सुधारणेची तारीख पाहावी. ती चालू किंवा मागील महिन्याची असेल, तर काळजीचे कारण नाही. तीन-चार महिने तीच तारीख दिसत राहिली, तर प्रणालीच्या संकेतस्थळावर जाऊन काम चालू आहे काय, याची चौकशी करावी आणि बंद पडले असल्यास दुसरी प्रणाली बसवावी. तोच पडदा दुकानातून आणलेल्या साध्या फोनवरही असतो. घरातील सगळे फोन एकदा मांडून ती तारीख पाहिली, तर कोणता फोन आधी बदलावयाचा, हे लगेच कळते.